दुमडलेलं टोक

"झालं का गं?" बाबांनी बाहेरून पाचव्यांदा विचारलं.

"होतंय," ती म्हणाली.

होत काहीच नव्हतं. ट्रेलरच्या आत स्टुलावर उभी राहून ती छतातल्या एसीच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू मघापासून उगाच मागेपुढे फिरवत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सकाळभर एसी घरघर घरघर करत राहिला, पण भिंतीवरच्या तापमापकाचा काटा चौतिसाच्या खाली उतरायला तयार नव्हता.

गाडीमागे जोडून न्यायचं हे चाकांवरचं घर बाबांनी आई गेल्यावर घेतलं. तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्याकडेच या राहायला." त्यावर बाबांनी चार लोकांसमोर ठणकावून सांगितलं, "आज इथे, उद्या तिथे फिरेन, पण कुणाच्या घरात जागा अडवून बसणार नाही." तिचंही डोकं फिरलं. पुन्हा म्हणून विचारणार नाही, असं तिने तिथल्या तिथे तोंडावर ऐकवलं. बापाचा हट्ट लेकीत उतरला होता, दुसरं काय. या गोष्टीला चार वर्षं झाली. दोघांपैकी कुणीही शब्द मागे घेतला नाही.

बाबा वर्षातून एकदा तिच्या दारात ट्रेलर उभा करायचे, दोन दिवस टेकायचे आणि निघायचे. या वेळी आले ते एसीची तक्रार घेऊन. "तेवढा गार करून दे. उद्या सकाळी निघतो. सहाशे किलोमीटर जायचंय." वय चौऱ्याहत्तर. गेल्या महिन्यात एका पेट्रोल पंपावर चक्कर येऊन मटकन खाली बसले, तेही पंपवाल्याने फोन केला म्हणून कळलं. तेव्हापासून अनोळखी नंबर वाजला की ती हातातलं काम टाकून फोन उचलायची. आणि आता तिनेच आपल्या हाताने एसी गार करून त्यांना वाटेला लावायचं होतं.

धंदाच तो तिचा. सगळी गल्ली तिला एसीवाली म्हणायची. शिकवलं होतं बाबांनीच, त्यांचाही जन्म याच कामात गेला होता. पण डोळ्यांना आताशा बारीक दिसत नाही, हात थरथरतात, असं म्हणून त्यांनी काम तिच्यावर सोपवलं होतं.

कालपासून तिने वेळ काढत एकेक गोष्ट तपासली. जाळी धुतलेली. खिडक्यांना आतून चंदेरी पडदे. छताच्या झरोक्यात जाड उशी घट्ट बसवलेली. दाराच्या फटीला नवं रबर. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. राहिला होता फक्त एसीच्या पोटातला मधला पत्रा. एका बाजूने गार हवा खोलीत सुटते, दुसऱ्या बाजूने खोलीतली हवा परत वर ओढली जाते. मधल्या पत्र्याला फट पडली की गार हवा खोलीत न येता तशीच माघारी फिरते. यंत्राला वाटतं, खोली गार झाली, आणि ते नुसता पंखा फिरवत दम खात बसतं. तिथे बिघडेल असा पार्टच नसतो. पत्रा आणि त्यावर चंदेरी टेप, बस्स. पाच मिनिटांचं काम. तिला अंदाज कालच आला होता, म्हणून तर तिने ते शेवटावर ठेवलं होतं.

"जमत नसेल तर राहू दे," बाबा बाहेरून म्हणाले. "माझी काही जबरदस्ती नाही."

तिला ते झोंबलं. पंधरा वर्षं हेच करतेय, आणि म्हणे जमत नसेल तर. फट तशीच ठेवून झाकण लावून टाकावं, असंही एकदा मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. ज्यांनी हातात पाना दिला त्यांनाच फसवायचं? तिने टेपचं रीळ मनगटात अडकवलं, स्क्रू काढला आणि झाकण उतरवलं.

फट होती. चांगली दोन बोटं रुंद. पण टेप उन्हाने सुटून गळालेली नव्हती. अख्खी पट्टी अलगद सोलून शेजारी नीट चिकटवून ठेवली होती. एक सुरकुती नाही. पत्र्यावर पट्टीची जागा अजून चिकट होती, तिच्यावर धुळीचा कणही बसला नव्हता. आणि पट्टीचं एक टोक आत दुमडलेलं होतं.

लहानपणी ती टेपचं टोक तसंच सोडायची, तेव्हा बाबा टपली मारायचे. टोक दुमडून ठेव गं, पुढच्या माणसाला नखाने शोधत बसायला नको. असं टोक दुमडणारी माणसं तिच्या माहितीत दोनच होती. त्यातली एक ती. आणि हे झाकण ती आज पहिल्यांदा उघडत होती.

ती स्टुलावर खाली टेकली. मग उठून पट्टीला हात न लावता झाकण जागेवर बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि बाहेर आली.

बाबा ट्रेलरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर बॅग. त्यांनी वर बघितलं नाही.

"आतला पार्ट गेलाय, बाबा," ती हात पुसत म्हणाली. "मागवावा लागेल. तोवर या भट्टीत झोपता यायचं नाही. मागची खोली रिकामीच आहे."

बाबा बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"किती दिवस लागतील यायला?"

"तीन महिने तरी."

बाबा उठले. बॅग खांद्याला लावली आणि घराच्या दिशेने चालू लागले.

"त्या पार्टचं मला नको सांगू," ते जाता जाता म्हणाले. "सहा धर."