वीतभर उंची

दूरचित्रवाणीवर चर्चेचा पहिलाच कार्यक्रम. सुतारानं चार पाहुण्यांसाठी चार सारख्या खुर्च्या केल्या होत्या. तासभर आधी मंत्र्यांचा सचिव टपकला. “साहेबांची खुर्ची वीतभर उंच हवी.” “एवढंच ना? करतो की!” म्हणत सुतारानं खुर्चीच्या पायांखाली ठोकळे सरकवले आणि सचिवाला ऐकू जाईल अशी हातोडी दणादण आपटली. मंत्री ऐटीत बसले. शेजारी नर्सबाई, मास्तर, गिरणी कामगार. समोरच्या पडद्यावर चित्र उमटलं: तिघांचे चेहरे आणि बिनमुंडक्याचा कोट. “माझं डोकं कुठंय? कॅमेरा वर घ्या!” मंत्री कडाडले. “घेतला तर या तिघांची तोंडं दिसायची नाहीत, साहेब,” कॅमेरामन म्हणाला. “अहो, मग आम्ही आलोय कशाला?” नर्सबाईंनी विचारलं. कार्यक्रम सुरू व्हायला दोनच मिनिटं उरली होती. “काढा ते ठोकळे!” मंत्री उठत म्हणाले. सुतारानं खुर्ची अलगद उचलली. खिळा त्यानं एकही मारला नव्हता.