पाइपातला थर

शिरवळजवळच्या दूध संघाचे अध्यक्ष लालासाहेब सकाळपासून वैतागले होते. संघाची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्यांच्या पॅनेलचे दोन संचालक त्यांच्याच पंगतीला मटण ओरपून विरोधकांना जाऊन मिळाले होते. त्यात प्रयोगशाळेच्या नीलिमाताई दूध पुन्हा नासल्याचं सांगायला आल्या.

"पाइपात जंतू मारायचं औषध डबल मारा की."

"मारलं, साहेब. पाइपात जंतूंचा बुळबुळीत थर बसलाय. एकटा जंतू औषधानं लगेच मरतो. पण हे एकमेकांना चिकटून राहतात. वरचे मरतात, आतले तगतात. एक दिवस संकलन बंद ठेवून, पाइप खोलून घासावे लागतील."

मतदारांचं दूध परत पाठवायचं म्हणजे निवडणूक गेल्यातच जमा. लालासाहेब नाही म्हणणारच होते, पण थबकले.

"एवढं औषध मारलं, तरी एकबी फुटला न्हाई?"

"नाही."



"खोला पाइप," लालासाहेब म्हणाले. "पण घासायच्या आधी आमच्या उरलेल्या संचालकांना आणून दावा. म्हणावं, बघा, एकी ह्याला म्हणत्यात."