मास्तरांची कोरियन कादंबरी

शेजारी नव्यानंच दुकान थाटलेला घड्याळवाला रोज बघायचा. दुपारी शिलाई मशीन थांबलं, की शिंपीमास्तर एक कोरियन कादंबरी उघडत, तीही इंग्रजीत आलेली. मांडीवर शब्दकोश, कानावर पेन्सिल.

"मास्तर, आपल्या भाषेतल्या गोष्टी संपल्या का हो?" एकदा त्यानं चिडवलंच. "बरं, शेवटी त्या नायिकेचं होतं तरी काय?"

"कुणास ठाऊक. तिसऱ्यांदा वाचतोय."

"तिसऱ्यांदा! आणि शेवट ठाऊक नाही? गरिबाची थट्टा करता होय!"

मास्तरांनी मधल्याच एका पानाचा दुमडलेला कोपरा बोटानं अलगद चाचपला.

 

"पोरगी गेली, तेव्हा इथवरच आली होती वाचत. तिला मागं टाकून पुढं कसा जाऊ?"