दुखण्याची पाळी

रोहिणी गावितने आपल्या मनगटावरचा पट्टा सरस्वताबाईंच्या पट्ट्याशी बिनतारी जोडला. रुग्णाची वेदना थोडा वेळ स्वतःच्या अंगावर घ्यायचा परवाना साहाय्यक परिचारिकांना मिळाला होता. बाईंची मुलगी यायची वेळ झाली होती.

“नको गं पोरी, हाडं फोडणारी कळ आहे,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही निवांत बोला, मावशी,” म्हणत रोहिणीने बटण दाबलं.

कळ कमरेतून थेट मस्तकात गेली. कोपऱ्यातल्या स्टुलावर ती दातओठ आवळून बसून राहिली. कॉटवर मायलेकी कुणाच्या तरी लग्नातली फजिती आठवून खळखळून हसत होत्या.

निघताना मुलीचं लक्ष घामाने डबडबलेल्या रोहिणीकडे गेलं.

“सिस्टर, बरं नाही का?”

“बरी आहे. आई कशी वाटली?”

मुलीने डोळे पुसले. “येते मी रोजच. पण आई आज भेटली.”