दोन दिवसांची सुटी

देऊळगाव राजाच्या बोर्डिंगात होता तोवर पुंडलिक शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. धरून उंद्रीला आईपाशी हजर व्हायचा. आता तो शिकायला लंडनला होता. गावातल्या मास्तरांनी त्याचं कार्ड त्याच्या आईला, मंजुळाबाईंना, वाचून दाखवलं. शनिवार-रविवार सुटी होती, म्हणून पॅरिस पाहून आलो, असं त्यानं लिहिलं होतं.

"सुटी होती, अन् घरी नाही आला?"

"अवो मंजुळाबाई, दोन दिवसांत इथवर येणं होते का?"

मंजुळाबाईंनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"मास्तर, थे पॅरिस लंडनच्या पल्याड हाय, का आपल्या बाजूनं?"

"आपल्याच बाजूनं. जरासं."

त्यांनी कार्ड पदरानं पुसून देवापाशी ठेवलं.

"मंग घरीच याले निघाला होता पोरगा. सुटी पुरली नाही, म्हणून वापस गेला."