बिब्ब्याच्या फुल्या

"ही भानामती नाही तर काय हो?" रंगनाथरावांनी पेटी उघडून लेकीच्या लग्नाचा बस्ता दाखवला. शालू, नऊवारी, नवरदेवाचा फेटा, सगळ्यांवर काळ्याशार फुल्या उमटल्या होत्या.

गावोगावच्या भानामती तपासण्यात कुमुदताईंची वीस वर्षं गेली होती. त्यांनी एक फुली हुंगली. बिब्बा! त्याच पेटीतली जुनी लुगडी मात्र स्वच्छ होती. 'भुताला बस्ता बरा ओळखता येतो,' त्या मनाशी हसल्या. बिब्बा हाताळणाऱ्याच्या बोटांवर फोड येतातच, म्हणून त्यांनी ओसरीवरच्या सगळ्यांचे हात पाहिले. लेकीचे तर दोनदा. फोड कुणालाच नव्हते.

तेवढ्यात रंगनाथरावांची बायको कपबशी पदराने धरून चहा घेऊन आली. देताना बोटांवरून पदर सरकला. कुमुदताई तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेल्या.

"का गं?"

"पोर आत्ता कुठे सोळाची झालीय, ताई. माझं घरात कुणी ऐकत नाही. म्हटलं, भानामतीचं तरी ऐकतील."

बाहेर येऊन ताईंनी ठणकावलं, "भानामती-बिनामती काही नाही, हे माणसाचं काम आहे. नाव सांगायचं नाही, हा आमचा नियम. यापुढे एक जरी फुली उमटली, तर मला जाब विचारा. पण अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न लावलंत, तर पोलीस घेऊन मीच दारात उभी राहीन."

रंगनाथरावांनी पेटीचं झाकण लावलं. मग आत तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का गं? ताई म्हणतात, पोर अजून लहान आहे!"

"होय का?" आतून आवाज आला.