मशीनचा ठेका
ऐका तर! शिंप्याच्या लाजाळू पोरीनं गाणाऱ्या पोरांच्या ऑनलाइन ग्रुपवर जन्मात पहिल्यांदा स्वतःचं गाणं टाकलं, आणि टाकलं तेही चुकीचं! मागे बाबांचं शिलाई मशीन खडखडतंय, तेच रेकॉर्डिंग गेलं. डिलीट करायला जाते, तर बाराजणांनी ऐकलंसुद्धा! “झालं, हाकलणार मला,” ती पुटपुटली. तेवढ्यात ग्रुपमधल्या ड्रमवाल्याचा मेसेज आला: “ए कोकिळे, मागे ठेका कोण धरतंय? कसला भारी! पुढच्या गाण्याला तुम्ही दोघंही हवेत!” लगेच सगळ्यांचा गलका, “हवेत! हवेत!” पोरगी उड्या मारतच दुकानात धावली. “बाबा, त्यांना मी हवीय! आणि तुमचं मशीनपण!” “माझं मशीन? खुळी आहेत का गं कार्टी?” बाबा चष्म्यावरून बघतच राहिले. मग उठून त्यांनी घरघरणारा पंखा बंद केला आणि हळूच म्हणाले, “सांग त्यांना, जाड कापडावर ठेका आणखी घुमतो.”